कॅरी फ्लॅगची साक्ष : एका बिटाचा इतिहास

संगणकाच्या इतिहासात १९९१ हे वर्ष दोन घटनांमुळे लक्षात राहते. पुण्यात सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. आणि हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तुलनेचा निकाल प्रोसेसरने कुठे ठेवावा, या लहानशा प्रश्नाची मात्र दोन्हीकडे वेगवेगळी उत्तरे होती.

लिनक्स इंटेलच्या ८०३८६ वर चाले. या प्रोसेसरमध्ये तुलनेचा वा बिट-तपासणीचा निकाल ‘फ्लॅग’ नावाच्या बिटांत नोंदला जातो आणि पुढची गणिती आज्ञा तो पुसूनही टाकते. डिस्कवरील कोणता ब्लॉक व्यापलेला आहे, हे लिनक्स बिटांच्या नकाशात लिहून ठेवी. नवा ब्लॉक देताना ‘बीटीएस’ ही आज्ञा त्याचा बिट १ करी आणि बिटाचे जुने मूल्य कॅरी फ्लॅगमध्ये ठेवी. ते आधीच १ निघाले, तर दोन फायली एकाच जागी लिहिल्या जाण्याचा धोका असे; म्हणून कर्नल तिथेच थांबे.

पण कर्नल लिहिलेला सी भाषेत, आणि सी भाषेला फ्लॅग ठाऊकच नाहीत. सी मध्ये पेरलेला असेंब्लीचा तुकडा संपला, की कंपायलर पुढे कोणतीही आज्ञा घालू शकतो आणि फ्लॅगची साक्ष नाहीशी होते. म्हणून टॉरवाल्ड्स यांनी त्याच तुकड्यात ‘सेटबी’ आज्ञेने फ्लॅग रजिस्टरमध्ये उतरवून घेतला. उपाय सुरक्षित होता, पण कंपायलरला ते रजिस्टर पुन्हा तपासावे लागे. ही द्विरुक्ती टळायला २०१६ उजाडले. निकाल अमुक फ्लॅगमध्ये आहे, असे कंपायलरला थेट सांगण्याची सोय जीसीसी ६ मध्ये आली आणि लिनक्सने ती त्याच वर्षी स्वीकारली.

‘परम ८०००’ला हा पेच पडला नाही. त्यातील इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर तुलनेचा निकाल साध्या संख्येसारखा, ० किंवा १ असा, रजिस्टरमध्येच ठेवत.

आज सी-डॅकचे ‘वेगा’ आणि आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह रचनेवर उभे आहेत. त्या रचनेतही कॅरी फ्लॅग नाही. तुलना आणि उडी एकाच आज्ञेत होतात. सामायिक स्मृतीतील बिट बदलणारी अणुवत् आज्ञा जुने मूल्य सरळ रजिस्टरमध्ये आणून देते. इंटेलसाठी लिहिलेली असेंब्ली या प्रोसेसरांवर नेणाऱ्याला शब्दशः भाषांतर करून भागत नाही. प्रत्येक फ्लॅग कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत होता, हे आधी समजून घ्यावे लागते.