शिंपल्यांच्या खिडक्या

वसईच्या किल्ल्यात आम्ही पाहुण्यांना नेतो ते देवळे दाखविण्यासाठी. संत जोसेफच्या मंदिराचा मनोरा, डोमिनिकन व फ्रान्सिस्कन मठांचे अवशेष, आज संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने उभे असलेले जेज्वीटांचे देऊळ. एवढे झाले की आमचे पाय परत फिरतात. या तटाच्या आत दोनशे वर्षे एक शहर नांदत होते आणि त्यात माणसे घरे बांधून राहत होती, याचा आम्हांस विसर पडतो.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. गव्हर्नर नुनो द कुन्य याच्या आज्ञेवरून पहिला कप्तान गार्सिया द सा याने १५३६ साली बालेकिल्ला बांधला, असे तेथील शिलालेख सांगतो. कप्तानाचा वाडा याच कोटात होता. पुढे शहरात फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज सरदार, इतके झाले की वसईला ‘दोम बासाईं’ असेच नाव पडले.

त्यांची घरे कशी होती? १६७५ साली जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य येथे येऊन गेला. त्याने भव्य निवासस्थाने पाहिली. त्यांना आच्छादलेले सज्जे होते, दोन मजल्यांच्या उंचीच्या मोठ्या खिडक्या होत्या, आणि त्या खिडक्यांना जाळी तरी होती किंवा शिंपल्यांची तावदाने. चपटा, अर्धपारदर्शक शिंपला कापून त्याचे लहान तुकडे लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवीत. उन्हाची तिरीप अडे, उजेड मात्र दुधासारखा होऊन आत येई. गोव्यातील जुन्या घरांत अशी तावदाने आजही दिसतात. काच महाग होती हे खरेच. परंतु कोकणच्या उन्हाला शिंपलाच अधिक मानवतो, असे आम्हांस वाटते.

तटाच्या आत रात्री केवळ ख्रिस्ती लोकांनाच राहता येई. वाण्यांना तिन्हीसांजेनंतर बाहेरच्या वस्तीत जावे लागे, असेही फ्रायर नोंदवितो. ख्रिस्ती असूनही आमचे बहुतेक पूर्वज त्या सज्ज्यांत बसले नसावेत. ते बाहेर शेतीवाडीत होते. मात्र दगड घडविणारे आणि चुना मळणारे हात इथलेच असणार. म्हणून ती घरे थोडी आमचीही.

१६१८ च्या मे महिन्यातील वादळाने शहराची छपरे उडविली. १६९५ साली आलेल्या जेमेल्ली करेरी या इटालियन प्रवाशाला उत्तरेकडचा भाग साथीमुळे ओस पडलेला दिसला. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज कुटुंबे निघून गेली. विजयाची खूण म्हणून नेलेली एक घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे. १७२१ हे साल तिच्यावर वाचता येते. घरांच्या नशिबी असे जपले जाणे नव्हते. राहते माणूस गेले की आधी कौले सरकतात, मग वासे कुजतात, मग पाऊस भिंतीत शिरून चुना धुऊन नेतो. ओसाड घराचा घडीव दगड तर कोणी पडून राहू देत नाही.

तरीही झुडपांत शिरून पाहिले, तर एखाद्या भिंतीत तुळयांची भोके एका रांगेत दिसतात. तेथे माडीची जमीन होती. त्यावरील रिकाम्या चौकटीतून आता आभाळ दिसते.

आमच्या गावांतील कौलारू घरेही एकेक करून उतरत आहेत. उतरण्यापूर्वी घरासमोर उभे राहून सारे कुटुंब छायाचित्र काढून घेते. ओटीची लांबी, माजघराची उंची मात्र कोणी मोजून लिहून ठेवीत नाही.