परम आणि पर्जन्य

नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे १९६५ सालचे पदवीधर विजय भटकर हे नाव विदर्भाने विसरू नये, असे आम्हांला वाटते. अमेरिकेने महासंगणक देताना हात आखडता घेतला. १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' स्थापन झाले आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. एकच गणित अनेक प्रक्रियकांनी वाटून घ्यावयाचे, ही त्याची रीत. हवामानाच्या प्रतिरूपाला ती मानवते. वातावरणाचे चौकोन पाडून प्रत्येकातील दाब, तापमान, बाष्प व वारा यांची समीकरणे सोडवितात. शेजारच्या चौकोनाची वार्ता मात्र घ्यावीच लागते. (धर्मग्रामात तरी वेगळे काय असते?) पुण्याच्या मौसमविज्ञान संस्थेत २०१८ साली 'प्रत्युष' आला, तरी एकेकटा ढग चौकोनाहून लहानच. कोणत्या शिवारात पाऊस पडेल, हा कास्तकाराचा प्रश्न तेथेच अडतो. दुबार पेरणीचा भुर्दंड तोच भरतो.