सारखे पॉइंट मिळूनही मित्राचं पात्र मागे का पडतं? टेबलटॉप आरपीजीमधलं गणित समजून घ्या

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन सगळ्यांनी मिळून खेळायची गोष्ट. एक जण गेम मास्टर होऊन गोष्टीचं जग उभं करतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. 1974 मध्ये आलेल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मुळे हा प्रकार जगभर पोहोचला.

यातल्या अनेक गेममध्ये पात्राची कौशल्यं दोनदा 'विकत' घ्यावी लागतात. आधी पात्र बनवताना मिळालेल्या पॉइंटमधून आणि नंतर खेळून कमावलेल्या अनुभवातून, म्हणजे एक्सपीमधून. या दोन वेळचे दर वेगळे असले की गडबड होते.

नेमकं काय होतं?

'व्हॅम्पायर: द मास्करेड' हा गेम 1991 चा. त्याच्या 2011 च्या आवृत्तीत कौशल्याची पातळी 0 ते 5 असते. पात्र बनवताना हाताशी असलेल्या जादा पॉइंटमधून कौशल्य एक पातळी वाढवायला 2 पॉइंट लागतात, मग ती पातळी पहिली असो की पाचवी. खेळ सुरू झाल्यावर मात्र नवं कौशल्य 3 एक्सपीला मिळतं आणि पुढची प्रत्येक पातळी सध्याच्या पातळीच्या दुप्पट एक्सपीला.

समजा, तुमच्या गेमची गोष्ट नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घडते. एक पात्र घोड्यांचा व्यापारी, दुसरं सातपुड्यातला वाटाड्या. जनावरं ओळखण्याचं कौशल्य दोघांचंही 3 आहे आणि दोघांकडे 4 पॉइंट उरलेत.

- व्यापारी ते कौशल्य थेट 5 वर नेतो.
- वाटाड्या रानात तग धरणं आणि औषधोपचार ही दोन नवी कौशल्यं पहिल्या पातळीवर घेतो.

पुढे दोघांनाही एकमेकांकडचं सगळं हवंय. व्यापाऱ्याला त्या दोन कौशल्यांसाठी लागतील 3 + 3 = 6 एक्सपी. वाटाड्याला 3 वरून 5 वर जायला 6 + 8 = 14. सुरुवातीचा खर्च सारखाच, पण वाटाड्याला त्याच जागी पोहोचायला 8 एक्सपी जास्त लागतात.

यात तोटा कुणाचा?

बहुतेक वेळा नवख्याचा. नियम पाठ असलेला खेळाडू सुरुवातीलाच एक-दोन कौशल्यं टोकाला नेतो, कारण ती नंतर महाग पडतात. नवखा आपल्या पात्राला शोभेल असं थोडं थोडं सगळं घेतो. गोष्टीच्या दृष्टीने त्याचं पात्र जास्त खरं वाटतं, पण नियम त्यालाच दंड लावतात. दर वेळी आपलं पात्र मागे पडतंय असं दिसलं, की तो हळूहळू यायचा बंद होतो. चार-पाच जणांच्या ग्रुपमध्ये एक जण गेला, तरी गेम मोडू शकतो.

यावर उपाय काय निघाले?

*एकच दर:* स्टीव्ह जॅक्सन यांच्या 'गर्प्स'मध्ये (1986) पात्र बनवताना आणि नंतरही कौशल्यांचे दर तेच राहतात.

*तयार पॅकेज:* 'व्हॅम्पायर'च्या 2018 च्या पाचव्या आवृत्तीत कौशल्यांच्या तीन तयार वाटण्या आहेत: सगळ्यातलं थोडं येणारा, समतोल आणि एका विषयातला तज्ज्ञ. या आवृत्तीत नव्या पातळीच्या तिप्पट एक्सपी लागतात. त्या दराने हिशोब केला, तर तिन्ही वाटण्यांची किंमत बरोबर 120 एक्सपी येते!

*वापरा आणि शिका:* 'कॉल ऑफ क्थुलू'मध्ये (1981) कौशल्यं टक्क्यांत असतात. खेळात एखादं कौशल्य यशस्वीपणे वापरलं, की नंतर त्यासाठी शंभराचा फासा टाकायचा. सध्याच्या टक्क्यांपेक्षा मोठा आकडा आला, तरच ते वाढतं. त्यामुळे 30 टक्केवाला भराभर शिकतो, 80 टक्केवाला हळूहळू.

तुमच्या ग्रुपमध्ये काय करता येईल?

तुमच्या गेममध्ये दोन दर असतील, तर पहिल्या सेशनआधी प्रत्येक पात्राची किंमत एक्सपीच्या दराने मोजा. ज्याची कमी भरेल, त्याला फरकाचे एक्सपी सुरुवातीलाच द्या. वरच्या उदाहरणात वाटाड्याला 8 मिळतील. किंवा जादा पॉइंट बाजूला ठेवा आणि त्याऐवजी सगळ्यांना सारखेच एक्सपी द्या. मग कुणी तज्ज्ञ बनवो की हरहुन्नरी, दर दोघांना एकच लागेल.