मर्दन चिकित्सा

त्वचा, स्नायू, स्नायुबंध आणि सांध्यांभोवतीचे मऊ ऊतक हातांनी दाबून, चोळून, मळून किंवा थापटून वेदना, ताठरपणा व थकवा कमी करण्याची पद्धत. बोलीत तिला मालिश किंवा मसाज म्हणतात. तेल लावून केलेले मर्दन म्हणजे अभ्यंग. चरकसंहितेत ते दिनचर्येचा भाग आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात ते रोज करावे, विशेषतः डोके, कान व पायांना, असे सांगितले; मात्र कफाने ग्रासलेल्या, अजीर्ण झालेल्या आणि नुकतेच शोधन (शरीरशुद्धीचे उपचार) झालेल्या माणसाला ते वर्ज्य ठरवले.

युरोपात पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामसंस्था काढली. ‘स्वीडिश मसाज’ हे नाव त्यांच्याशी जोडले जाते, पण हस्तक्रियांच्या आजच्या वर्गीकरणाचे श्रेय मुख्यतः डच डॉक्टर योहान मेझगर यांच्याकडे जाते. लंडनमध्ये १८९४ साली प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संघटना स्थापन झाली. ब्रिटनमधील भौतिकोपचारतज्ज्ञांची आजची संघटना तिच्यातूनच वाढली.

हस्तक्रिया मुख्यतः पाच. सुरुवात व शेवट तळहाताच्या लांब, सरकत्या स्पर्शाने होतो. हातापायांवर तो हृदयाच्या दिशेने देतात. स्नायू उचलून कणकेसारखे मळणे ही दुसरी, थापटणे ही तिसरी आणि कंपन ही चौथी. पाठीचा कणा व मूत्रपिंडांच्या जागेवर थापटत नाहीत. पाचवी क्रिया घर्षणाची. ब्रिटिश डॉक्टर जेम्स सिरिॲक्स यांनी रुळवलेल्या खोल घर्षणात बोट तंतूंना आडवे फिरवतात. तिथे तेल लावत नाहीत, कारण बोट त्वचेवरून घसरता कामा नये. त्वचा बोटाबरोबर सरकली तरच दाब आतल्या ऊतकापर्यंत पोहोचतो. याउलट, एमिल व्होडर यांनी १९३० च्या दशकात मांडलेल्या लसिका-निचरा पद्धतीत दाब अगदी हलका असतो. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर हाताला येणाऱ्या सुजेवर, दाबपट्ट्या व व्यायाम यांच्या जोडीने, ती वापरतात.

मर्दनाआधीची तपासणी हा या उपचाराचा खरा कस. कौशल्य दाबाच्या जोरापेक्षा इथे जास्त दिसते. आधी विचारपूस होते: दुखणे कधीपासून, कशाने वाढते, रात्री झोपेतून उठवते का, पडणे-झडणे झाले का, मधुमेह किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. वेदना शून्य ते दहा या मापावर सांगायला लावतात, म्हणजे उपचारानंतर तुलना करता येते. मग उभ्या माणसाकडे पुढून, मागून व बाजूने पाहतात. एक खांदा वर आहे का, कंबर एका अंगाला झुकली आहे का, हे त्यातून कळते. सांध्याची हालचाल तीन प्रकारे पाहतात: रुग्णाने स्वतः केलेली, तपासणाऱ्याने करवलेली आणि विरोध सोसून केलेली. सांधा न हलवता नुसत्या विरोधानेच दुखत असेल, तर दोष बहुधा स्नायूत किंवा त्याच्या कंडरेत असतो.

शेवटी स्पर्शाने ऊब, ताण, गाठ व दुखरेपणा पाहतात. सुजेवर अंगठा काही सेकंद दाबून उचलल्यावर खळगा राहिला, तर ऊतकात पाणी साठलेले असते. ते का साठले हे हृदय, मूत्रपिंड व यकृताच्या तपासणीशिवाय सांगता येत नाही. पोटऱ्यांची तुलना तर चुकवूच नये. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजतात. एका पायाचा घेर दुसऱ्यापेक्षा ३ सेंटिमीटरहून अधिक भरला, आणि तो पाय गरम, लालसर व दुखरा असला, तर खोल शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्यावी. असा पाय चोळल्यास गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते व जीव धोक्यात येतो. ‘पोटरी आखडली, जरा चोळून दे’ ही घरोघरची विनंती म्हणूनच दरवेळी निरुपद्रवी नसते.

ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम, नुकतेच मोडलेले हाड आणि ताजी मुरगळ यांत मर्दन करत नाहीत. कर्करोगात डॉक्टरांच्या सल्ल्याने हलके मर्दन चालते, पण गाठीवर दाब देत नाहीत. मानेचा पुढचा भाग, काख, जांघ आणि गुडघ्यामागची खळगी इथे रक्तवाहिन्या व चेता वरच्या थरात असल्याने खोल दाब टाळतात. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या रुग्णाला जादा दाब कळत नाही. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांची बरगडी मोडू शकते. साधारण विसाव्या आठवड्यानंतर गर्भवतीला कुशीवर झोपवतात, कारण उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर पडतो. पाठदुखीबरोबर जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मर्दन न करता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

महाराष्ट्रात बाळंतीण आणि तान्ह्या बाळाची मालिश घरोघर चालते. अमेरिकेत टिफनी फील्ड यांच्या १९८६ मधील अभ्यासात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीनदा, १५ मिनिटे मर्दन व हातपायांची हालचाल दिल्यावर त्यांचे वजन इतर बाळांपेक्षा ४७ टक्के अधिक वेगाने वाढले. मात्र बाळाच्या नाकाकानात तेल सोडणे, नाक-डोके दाबून ‘आकार देणे’ हे रिवाज सोडून द्यावेत.

मर्दनाने शरीरातील ‘विषारी द्रव्ये’ बाहेर पडतात, या दाव्याला आधार नाही. व्यायामानंतरचे लॅक्टिक आम्लही साधारण तासाभरात आपोआप ओसरते; त्यासाठी मर्दन लागत नाही. मर्दनानंतर अंग किंचित दुखले, तर ते एक-दोन दिवसांत थांबते. त्याहून अधिक काळ वेदना टिकल्यास, काळेनिळेपणा वाढल्यास किंवा मुंग्या आल्यास उपचार थांबवून डॉक्टरांना दाखवावे.