स्कीइंगचा पोशाख व साधने

स्कीइंगचा पोशाख व साधने म्हणजे बर्फाच्छादित उतारावरून स्कीच्या साहाय्याने घसरत जाण्याच्या क्रीडाप्रकारात शरीराची ऊब, कोरडेपणा आणि सुरक्षितता राखण्यासाठी वापरले जाणारे कपडे, पादत्राणे व उपकरणे होत. हा खेळ खर्चिक समजला जातो. तथापि पहिल्याच सहलीसाठी सर्व साहित्य विकत घेण्याची आवश्यकता नसते. काही वस्तू घरच्या वापरता येतात, काही भाड्याने मिळतात आणि मोजक्याच वस्तू नव्याने घ्याव्या लागतात. कोणत्या वस्तूवर काटकसर करावी आणि कोणत्या वस्तूवर करू नये, हे त्या वस्तूच्या कार्यावरून ठरते.

पार्श्वभूमी

आरंभीचे स्कीपटू लोकरीचे कपडे आणि नाडीचे चामडी बूट वापरीत. पाय स्कीला पक्का बांधलेला असल्याने पडल्यावर हाड मोडण्याचे प्रकार वारंवार घडत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेजियन वंशाचे अमेरिकी स्कीपटू यालमार व्हाम यांनी पडताना पाय मोकळा करणारे बाइंडिंग तयार केले. त्यांचा स्वतःचा पाय स्कीइंग करताना मोडला होता. १९६० च्या दशकात प्लॅस्टिकचे ताठ बूट प्रचारात आले. १९६९ मध्ये बॉब गोर यांना पाणी अडवणारे पण बाष्प बाहेर सोडणारे पटल बनवण्याची रीत सापडली आणि १९७० च्या दशकात त्यापासून तयार केलेले कपडे बाजारात आले.

भारतात गुलमर्ग येथे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना केली. आज जम्मू-काश्मीरमधील गुलमर्ग, उत्तराखंडातील औली आणि हिमाचल प्रदेशातील सोलंग खोरे व नारकंडा ही भारतातील परिचित स्कीइंग स्थळे आहेत. महाराष्ट्र व गोव्यातील हवामानामुळे तेथील घरांत अशा थंडीचे कपडे सहसा नसतात. त्यामुळे या प्रदेशांतून प्रथमच जाणाऱ्यांना निवडीचा प्रश्न विशेष भेडसावतो.

थंडीचे स्वरूप

उंची दर १,००० मीटरने वाढली की तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सियसने घटते. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर असून तेथील रज्जुमार्गाचा वरचा टप्पा अफरवत पर्वतावर ३,९०० मीटरच्याही वर पोहोचतो. म्हणजेच पायथ्याशी आणि माथ्यावर सुमारे ८ अंशांचा फरक पडू शकतो. वाऱ्यामुळे गारठा आणखी तीव्र भासतो.

याहून मोठा धोका ओलेपणाचा असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक उष्णतावाहक असल्याने ओले कपडे शरीराची ऊब झपाट्याने ओढून घेतात. नवशिका स्कीपटू सतत पडतो, उठताना घामाघूम होतो आणि नंतर आपल्या पाळीची वाट पाहत उभा राहतो. त्यामुळे त्याचे कपडे बर्फाने बाहेरून आणि घामाने आतून असे दोन्ही बाजूंनी भिजतात. हिमदंश आणि शरीराचे तापमान घातक पातळीपर्यंत उतरणे हे त्याचे गंभीर परिणाम होत.

कपड्यांचे थर

एकच जाड कोट घालण्यापेक्षा तीन थर घालण्याची पद्धत अधिक उपयुक्त मानली जाते. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते आणि गरजेप्रमाणे एखादा थर काढता येतो.

आतला थर: हा अंगालगत बसणारा असून घाम त्वचेपासून दूर नेतो. त्यासाठी पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकर योग्य ठरते. सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स वर्ज्य समजाव्यात. सूत पाणी शोषून घेते आणि लवकर वाळत नाही. व्यायामासाठी वापरला जाणारा पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा सदरा घरी असल्यास तो या कामी चालतो.

मधला थर: याचे कार्य ऊब राखण्याचे असते. फ्लीसचे जाकीट किंवा घरातील लोकरी स्वेटर पुरेसा होतो. लोकर काहीशी ओली झाली तरी ऊब देते. पिसांचे जाकीट वजनाने हलके व उबदार असले तरी भिजल्यावर निरुपयोगी ठरते.

बाहेरचा थर: जाकीट व विजार यांचा हा थर वारा आणि पाणी अडवतो. कापडाची जलरोधकता पाण्याच्या स्तंभाच्या उंचीने, मिलिमीटरमध्ये, दर्शवतात. साधारण १०,००० मि.मी. क्षमतेचे कापड नवशिक्याच्या गरजेस पुरते. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असावी, अन्यथा पाणी शिवणीतून झिरपते. नवशिका बर्फात वारंवार बसत असल्याने जलरोधक विजार जाकिटाइतकीच महत्त्वाची असते. सह्याद्रीतील पावसाळी भटकंतीसाठी घेतलेले, बाष्प बाहेर सोडणारे जाकीट आत पुरेसे थर घातल्यास उपयोगी पडते. साधा प्लॅस्टिकचा रेनकोट मात्र घाम आत कोंडतो. शिवाय त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागामुळे पडलेली व्यक्ती उतारावरून वेगाने घसरत जाऊ शकते.

हात, पाय, डोके व डोळे

हातमोजे जलरोधक असावेत. घरी विणलेले लोकरी हातमोजे बर्फात काही वेळातच भिजतात. चारही बोटे एकाच कप्प्यात राहणारे हातमोजे सुटी बोटे असलेल्यांपेक्षा अधिक उबदार असतात.

मोजे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे, पोटरीपर्यंत येणारे आणि एकच जोड घालावेत. मोज्यांचे दोन जोड घातल्यास पाय दाबला जातो, रक्ताभिसरण मंदावते आणि पाय उलट अधिक गारठतो.

ताजा बर्फ सूर्यप्रकाशातील सुमारे ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परावर्तित करतो आणि उंचीबरोबर या किरणांची तीव्रताही वाढते. संरक्षणाविना डोळ्यांना तात्पुरते हिमांधत्व येऊ शकते. त्यामुळे अतिनील किरण अडवणारा गॉगल अत्यावश्यक आहे. काचांचे वर्गीकरण शून्य ते चार असे असते. लख्ख उन्हासाठी तिसरा वर्ग आणि ढगाळ हवेसाठी पहिला किंवा दुसरा वर्ग योग्य ठरतो. उघड्या त्वचेला, विशेषतः नाक व हनुवटीखालच्या भागाला, ऊनरोधक मलम लावावे.

हेल्मेट स्कीइंगसाठीचेच असावे. ईएन १०७७ हे त्याचे युरोपीय मानक आहे. पट्टा बांधून डोके हलवले असता ते सरकता कामा नये. त्याच्या आत जाड कानटोपी घातल्यास ते नीट बसत नाही.

भाड्याने घ्यावयाची साधने

स्की, बूट, बाइंडिंग आणि काठ्या पहिल्या सहलीत भाड्याने घेणेच श्रेयस्कर असते. या वस्तू महाग व अवजड असतात आणि कौशल्य वाढेल तशी त्यांची निवड बदलते.

बूट: सर्व साधनांत बुटाचे माप सर्वांत महत्त्वाचे. स्की बुटाचे माप पावलाच्या सेंटिमीटरमधील लांबीवरून ठरते. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकी टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे यावीत. टाच वर उचलली जाऊ नये. आरामासाठी मोठा बूट घेतल्यास स्कीवर ताबा राहत नाही.

स्की: नवशिक्यासाठी उभी धरल्यावर हनुवटी ते नाक या दरम्यान पोहोचणारी स्की सोयीची असते. आखूड स्की वळवण्यास सोपी जाते.

बाइंडिंग: ठरावीक ताणापेक्षा अधिक ताण आल्यास हे बूट मोकळा करते. त्याची जुळणी वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवरून केली जाते. भाड्याची स्की घेताना ही माहिती दुकानदारास खरी सांगावी व जुळणी आपल्यासमोर करून घ्यावी. आधीच्या ग्राहकासाठी केलेली घट्ट जुळणी तशीच राहिल्यास पडताना पाय सुटत नाही. आधुनिक बाइंडिंगमुळे नडगीचे हाड मोडण्याचे प्रमाण घटले असले तरी गुडघ्याच्या अस्थिबंधांच्या दुखापती तितक्या टळलेल्या नाहीत.

गुलमर्गच्या वाटेवर टंगमर्ग येथे आणि मनाली परिसरात पर्यटकांना लांब कोट व रबरी बूट भाड्याने मिळतात. ते बर्फात फिरण्यासाठी असून रबरी बूट स्कीच्या बाइंडिंगमध्ये बसत नाहीत. औली आणि गुलमर्ग येथील शासकीय संस्थांच्या प्रशिक्षण वर्गांत साधने शुल्कात अंतर्भूत आहेत का, याची प्रवेश घेतानाच चौकशी केल्यास दुहेरी खर्च टळतो.

खर्चाची विभागणी

विकत घ्यावे: आतला थर, मोजे, जलरोधक हातमोजे, गॉगल.
घरचे वापरावे: स्वेटर किंवा फ्लीस, कानटोपी, बाष्प बाहेर सोडणारे पावसाळी जाकीट.
भाड्याने किंवा उसने घ्यावे: स्की, बूट, काठ्या, हेल्मेट, जलरोधक विजार.

वापरलेले जाकीट किंवा विजार विकत घेण्यास हरकत नसते. वापरलेले हेल्मेट मात्र विकत घेऊ नये. जोराचा आघात झालेल्या हेल्मेटची क्षमता बाहेरून न दिसताही संपलेली असू शकते. भाड्याच्या हेल्मेटलाही तडा नाही ना, हे पाहून घ्यावे. फार जुन्या स्की बुटांचे प्लॅस्टिक ठिसूळ होऊन उतारावरच तडकण्याचा धोका असतो.

निगा

दिवसअखेर बुटांचे आतील अस्तर व हातमोजे वाळवावेत, पण शेगडी किंवा हीटरच्या अगदी जवळ ठेवू नयेत. जलरोधक कपडे धुताना कापड मऊ करणारे द्रावण वापरू नये. त्यामुळे कापडाची पाणी झटकण्याची व बाष्प बाहेर सोडण्याची क्षमता कमी होते.

हेही पाहा

स्कीइंग
गुलमर्ग
औली
हिमदंश