धावेचं माप

आज टायरवर लिहितोय. म्हणजे खरं तर बंडीवर!

आमच्या घाटंजीकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. तिच्या लाकडी चाकावरचा लोखंडी पट्टा म्हणजे धाव. टायरच्या मापाचं महत्त्व लोहाराला मोटारी येण्याआधीपासून ठाऊक. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित तोकडी करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चाकावर बसवून वर पाणी ओतायचं. लोखंड आक्रसतं आणि आरे तुंब्यात करकचून बसतात. फारच तोकडी झाली तर चाक वाकतं. सैल राहिली तर उन्हाळ्यात लाकूड सुकलं की निघून पडते. (म्हणून तर चाकं पाण्यात भिजत ठेवायची.)

चाक मात्र नेहमी उंच आणि अरुंद. कारण काळी माती! पावसाळ्यात पांदणीत वर लोण्यासारखा चिखल, खाली मुरूम. अरुंद चाक चिखल कापून मुरमाला टेकतं, आणि उंचीमुळे आख वर राहतो.

पुढे रबर आलं. डनलॉपचा बंगालमधल्या साहागंजचा कारखाना १९३६ चा. रबरी चाकाच्या गाडीत तेच बैल जास्त ओझं ओढू लागले, शिवाय धावेनं सडक उखडायची तेही थांबलं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा टायर ६.००-१६, म्हणजे सहा इंच रुंद आणि साधारण अठ्ठावीस इंच उंच. महिंद्रांनी हीच जीप इथे आणली. बंडीचंच तत्त्व की नाही?

हे सगळं आठवलं भाच्यामुळे. त्याला थार उंच करून तेहतीस इंची, साडेबारा इंच रुंद टायर घालायचेत. आता, सस्पेन्शन उचललं की बॉडी वर जाते, आख नाही. आख वर जातो तो फक्त टायरच्या वाढलेल्या उंचीच्या निम्म्यानं. त्याच्या गाडीचे टायर २४५/७५ आर १६, उंची साडेतीस इंच. म्हणजे एवढ्या खटाटोपात आखाला मिळणार सव्वा इंच! वर स्पीडोमीटर पन्नास दाखवेल तेव्हा गाडी चोपन्ननं पळत असेल. रुंद टायर वाळूत उत्तम, आमच्या पांदणीत तो चिखलावर नुसता घसरणार. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, कंपनीनं दिलेल्या गाडीत मनमानी बदल चालत नाहीत.

बदलायचेच असतील तर आधी आरटीओत विचार, मग २३५/८५ आर १६ बघ, असं सांगितलंय. सव्वा इंच उंच, थोडा अरुंद. तो म्हणतो, मामा, फोटोत बारीक दिसतो!