किती कापायचं आणि ठरवायचं कोणी? : स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा शंभर वर्षांचा वाद

आजचा विषय आजाराचा असला तरी व्याख्यान इतिहासाचं आहे. कोणी कुठला उपचार घ्यावा हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही, आणि तो आम्ही घेणारही नाही. आज आपण एकच वाद नीट पाहणार आहोत. स्तनाच्या कर्करोगात किती कापायचं, आणि ते ठरवायचं कोणी? हा वाद जवळपास शंभर वर्षं चालला. तो ज्या पद्धतीने सुटला, तिचा प्रत्येक घराशी संबंध आहे, कारण कॅन्सरचं निदान झालं की दुसऱ्याच दिवशी घरात दहा मतं तयार असतात.

सुरुवात अमेरिकेत होते. विल्यम हॉल्स्टेड हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले मोठे सर्जन. १८९४ मध्ये त्यांनी आपल्या ५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांची शस्त्रक्रिया अशी होती : पूर्ण स्तन काढायचा, त्याखालचे छातीचे स्नायू काढायचे आणि काखेतल्या लसिका ग्रंथीही काढायच्या. तिला नाव मिळालं 'रॅडिकल मॅस्टेक्टमी'. 'रॅडिकल' हा शब्द मुळासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आला आहे. आपण 'समूळ' म्हणतो, तोच अर्थ.

यामागचा विचार शेतकऱ्याला चटकन कळेल. शेतात हरळी माजली की वरवर खुरपून भागत नाही. मूळ जिथवर गेलं असेल तिथवर खणावं लागतं, नाहीतर पुढच्या पावसात ती पुन्हा वर येते. कॅन्सरही असाच एका जागी सुरू होतो, तिथून शेजारी, मग काखेत आणि मग पुढे असा क्रमाक्रमाने पसरतो, असं हॉल्स्टेड मानत. म्हणजे जितकं रुंद आणि खोल कापावं तितकी बाई वाचण्याची आशा जास्त.

हॉल्स्टेड यांना आज खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते न्यायाचं होणार नाही. त्या काळी बायका गाठ खूप वाढल्यावरच डॉक्टरकडे येत. आधीच्या छोट्या शस्त्रक्रियांनंतर त्याच जागी गाठ पुन्हा उठे. हॉल्स्टेड यांच्या पद्धतीने ते प्रमाण खरोखरच कमी झालं. फक्त 'त्या जागी गाठ पुन्हा न येणं' आणि 'बाई जगणं' या दोन गोष्टी एकच आहेत, असं धरून चाललं गेलं. सगळी गफलत तिथे होती.

शस्त्रक्रियेची किंमत मोठी होती. छाती खळगा पडल्यासारखी दिसे, फासळ्यांवर नुसती कातडी उरे. हात सुजे आणि तो सुजलेला हात घेऊनच पुढचं आयुष्य काढावं लागे. तरी ही शस्त्रक्रिया अमेरिकेत ७०-८० वर्षं प्रमाण मानली गेली. का बरं? एक कारण गुरुपरंपरेचं. हॉल्स्टेड यांचे शिष्य ठिकठिकाणी विभागप्रमुख झाले, त्यांच्या शिष्यांनीही तेच शिकवलं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. बाई जगली तर ती ऑपरेशनमुळे जगली, आणि गेली तर ती उशिरा आली म्हणून गेली! असा हिशोब मांडला की सर्जन कधी चुकूच शकत नाही. कमी कापलेल्या बायकांचं काय होतं, याची तुलनाच कोणी करत नव्हतं.

विरोधी सूर नव्हते असं नाही. लंडनला सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेफ्री केन्स नावाचे सर्जन होते, अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे धाकटे भाऊ. १९२० च्या दशकात त्यांनी छोटी शस्त्रक्रिया करून रेडियमच्या सुया वापरायला सुरुवात केली. त्यांच्या बायका हॉल्स्टेड पद्धतीच्या बायकांइकत्याच जगत होत्या. अमेरिकेतल्या सर्जनांनी ते हसण्यावारी नेलं. पुढे अमेरिकेतच क्लीव्हलँडचे जॉर्ज क्राइल धाकटे यांनी १९५० च्या दशकात हाच मुद्दा लावून धरला आणि तो वैद्यकीय नियतकालिकांत न ठेवता सर्वसामान्यांच्या मासिकांत, पुस्तकांत मांडला. घरचं धुणं चव्हाट्यावर आणल्यासारखं व्यवसायबंधूंना वाटलं. त्यांनी क्राइल यांना जवळजवळ वाळीत टाकलं.

याच क्राइल यांच्याकडे १९६० च्या अखेरीस रॅचेल कार्सन यांचं पत्र गेलं. कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवर 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक १९६२ मध्ये आणणाऱ्या त्याच या लेखिका. १९६० च्या वसंतात त्यांची रॅडिकल मॅस्टेक्टमी झाली होती. तेव्हा त्यांनी विचारलंही होतं, पण गाठ कॅन्सरची आहे असं त्यांना स्पष्ट सांगितलं गेलं नाही. शास्त्राचं शिक्षण घेतलेल्या बाईची ही गत! खरं काय ते क्राइल यांच्याकडून कळलं, तेव्हा रोग पुढे गेला होता. त्या आजारातच त्यांनी पुस्तक पुरं केलं आणि १९६४ मध्ये त्या गेल्या. आजार त्यांनी जगापासून लपवला, कारण पुस्तकाच्या विरोधकांनी त्याचंही हत्यार केलं असतं. मात्र स्वतः लपवणं वेगळं आणि आपल्यापासून लपवलं जाणं वेगळं.

आता १९७४ कडे येऊ. त्या काळी रीत अशी होती की बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा काढायचा, तो तिथल्या तिथे तपासायचा आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलेत स्तन काढून टाकायचा. बाई टेबलावर जाताना तिला माहीत नसे की शुद्धीवर येताना स्तन असेल की नसेल. मेरीलँडमधल्या रोझ कुश्नर या पत्रकार बाईने याला नकार दिला. तपासणी आधी, निर्णय नंतर, आणि तो मी घेणार, असं तिचं म्हणणं होतं. एवढ्या साध्या अटीवर तपासणी करणारा सर्जन मिळायला तिला बरीच शोधाशोध करावी लागली.

त्याच वर्षी सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांना गाठ असल्याचं कळलं. कुश्नरने थेट व्हाइट हाउसला फोन लावला : दोन टप्प्यांत करा, घाई नको. उत्तर आलं की राष्ट्राध्यक्षांनी निर्णय घेतला आहे! गाठ बाईची, छाती बाईची, निर्णय मात्र नवऱ्याचा. हसू येतं खरं, पण आपल्याकडच्या किती घरांत आजही चित्र वेगळं आहे? बेटी फोर्ड यांची शस्त्रक्रिया हॉल्स्टेड पद्धतीनेच झाली. त्यांनी ती जाहीर केली, लपवली नाही, हे त्यांचं मोठं काम. त्यानंतर हजारो बायका तपासणीला पुढे आल्या.

योगायोग असा की याच दिवसांत पिट्सबर्गचे सर्जन बर्नार्ड फिशर आपले पहिले आकडे मांडत होते. फिशर यांचं म्हणणं हॉल्स्टेडच्या अगदी उलट होतं. कॅन्सर हरळीसारखा मुळामुळाने पुढे सरकत नाही, गाजर गवताच्या बियांसारखा असतो. बी उडून गेलं असेल तर शेताचा कोपरा कितीही खणा, उपयोग नाही, आणि उडालं नसेल तर एवढं खणायची गरज नाही. पण हे म्हणणंही शेवटी एक मतच झालं. मताला मताने उत्तर देत बसलं तर आणखी ८० वर्षं गेली असती. फिशर यांनी वेगळा मार्ग धरला. बायकांचे गट पाडायचे, कोणाला कुठला उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं आणि मग वर्षानुवर्षं मोजत राहायचं.

चिठ्ठी कशासाठी? तर सर्जनने आपल्या पसंतीने रुग्ण निवडू नये म्हणून. ठणठणीत बायका एका बाजूला आणि खंगलेल्या दुसऱ्या बाजूला, असं झालं तर तुलना खोटी पडते. पहिली चाचणी १९७१ मध्ये सुरू झाली. तिच्यात १,६०० हून अधिक बायका होत्या. दुसरी १९७६ मध्ये सुरू झाली. तिच्यात नुसती गाठ काढणं, गाठ काढून किरणोपचार देणं आणि पूर्ण स्तन काढणं यांची तुलना होती. इटलीत मिलानला उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून ७०१ बायकांवर अशीच चाचणी चालवली.

निकाल १९८१ आणि १९८५ मध्ये आले आणि २००२ मध्ये, वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदींनंतरही, तेच टिकले. सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये जास्त कापल्याने बायका जास्त जगत नाहीत. अर्थात, 'मग काहीच करू नये' असा याचा अर्थ नव्हे! फिशर यांच्या दुसऱ्या चाचणीत नुसती गाठ काढलेल्या बायकांपैकी सुमारे ३९ टक्के जणींना वीस वर्षांत त्याच स्तनात पुन्हा गाठ आली. किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के होतं. म्हणजे कमी कापायचं, पण त्याच्या जोडीला जे लागतं ते सोडायचं नाही.

या निकालांचं श्रेय फिशर यांना देतो ते बरोबरच आहे. पण ज्या बायका चिठ्ठीवर जीव टाकायला तयार झाल्या, त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. 'मोठे डॉक्टर म्हणतात ते सोडून आम्ही अशा प्रयोगात येतो' असं म्हणायला काय धैर्य लागलं असेल! १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली. हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया यापुढे प्रमाण मानू नये आणि तपासणी व शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करावी, असं तिथे ठरलं. त्या मंडळात रोझ कुश्नर बसली होती.

इथे गोष्ट संपवली तर फार गोड होईल : अडाणी डॉक्टर, शहाणे रुग्ण. इतिहास इतका सोयीचा नसतो. १९८४ मध्ये कुश्नरनेच एक लेख लिहून विचारलं की जबर किमोथेरपी ही आता ऐंशीच्या दशकातली हॉल्स्टेड शस्त्रक्रिया होते आहे का? प्रश्न योग्य होता. १९९० च्या दशकात तर फारच जबर किमो देऊन नंतर अस्थिमज्जा परत भरण्याचा उपचार निघाला. या वेळी 'आम्हाला तो हवाच' असा आग्रह खुद्द रुग्णांनी धरला, कारण समोर मरण होतं. विमा कंपन्या पैसे नाकारू लागल्या तेव्हा खटले झाले, आणि १९९३ मध्ये एका ज्यूरीने कंपनीला ८.९ कोटी डॉलर द्यायला सांगितले. चाचण्यांचे निकाल १९९९ मध्ये आले. पाचपैकी चारांत फायदा दिसला नाही. फायदा दाखवणारी पाचवी चाचणी जोहान्सबर्गच्या वर्नर बेझवोडा यांची, आणि तिच्यातली माहिती बनावट असल्याचं २००० मध्ये उघड झालं. म्हणजे कमी उपचारांच्या बाजूने उभे राहणारे तेवढे रुग्णांचे कैवारी असंही नाही, आणि रुग्णाला हवं ते बरोबरच असतं असंही नाही. अधिकाराने सांगितलं काय किंवा आशेने मागितलं काय, मोजल्याशिवाय दोन्ही सारखंच.

आता मुंबईकडे वळू, कारण ही मोजणी परळलाही झाली आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं. आपल्याकडे अनेक बायका येतात तेव्हाच रोग हाडांत, फुप्फुसांत पोचलेला असतो. अशा वेळी स्तन काढला तर आयुष्य वाढतं का? जगभर यावर मतं होती. टाटामध्ये ३५० बायकांवर चाचणी झाली आणि तिचा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला : आयुष्य वाढत नाही. रोग पसरल्यावर निव्वळ आशेपोटी होणाऱ्या कितीतरी शस्त्रक्रिया या निकालामुळे टळू शकतात.

पण चाचणी सगळ्याच प्रश्नांची उत्तरं देत नाही. स्तन वाचवायचा तर किरणोपचार हवेत, आणि पूर्वी त्यासाठी पाच-सहा आठवडे शहरात मुक्काम करावा लागे. दूर गावाहून आलेली बाई राहणार कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किती जणांना जागा मिळणार? मुलांना कोण बघणार, शेतीचं काय? अशी बाई 'काढूनच टाका' म्हणते तेव्हा तिला अडाणी म्हणू नये. तिने आपला हिशोब केलेला असतो. म्हणूनच किरणोपचार तीन आठवड्यांत भागतात असं दाखवणाऱ्या चाचण्या, किंवा २०२० मध्ये ब्रिटनमधून आलेला एका आठवड्यात पाच वेळा देऊनही पाच वर्षांपर्यंत तितकाच परिणाम मिळतो हा निकाल, अशा बाईसाठी फार मोलाचा असतो. तिच्यापुढे निवडीला एक वाट जास्त उघडते.

तर या शंभर वर्षांतून आम्हाला दोन वेगळे प्रश्न दिसतात आणि घरोघरी त्यांची सरमिसळ होते. 'याने आयुष्य वाढतं का?' या प्रश्नाचं उत्तर मतावर सोडायचं नाही. मोठा सर्जन असो, गावाकडचा मुळी देणारा असो की मोबाइलवर आलेला निरोप असो, सगळ्यांना एकच विचारायचं : कोणाशी तुलना केली, आणि किती वर्षं मोजलं? 'मला कसं जगायचं आहे?' हा दुसरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर कुठल्याच चाचणीत नसतं. ते फक्त त्या बाईकडे असतं. तिला खरं न सांगता 'आईला कळू देऊ नका' म्हणत मुलाच्या हातात रिपोर्ट ठेवला, तर हा प्रश्न विचारायला कोणी उरतच नाही. मायेपोटी लपवलं तरी परिणाम तोच होतो. कार्सनबाईंना त्यांचं उत्तर ठरवायला वेळ अपुरा पडला, कारण खरं त्यांना फार उशिरा कळलं.

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ या.